जिच्यावाचून कुणाचं अडत नाही

अन्याय झाला तो आमच्या समोरच्या मावशींवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे मागाहून कुणी 'आठवत नाही बुवा' म्हणायला नको. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, हंडे भरून नळ गेल्यावर, दौलताबाद रस्त्यावरच्या पडेगावातल्या आमच्या गल्लीत, निंबाच्या पारावर. केला कुणी? आम्ही. एरवी मी मोर्चांसाठी पत्रकं लिहिते. पत्रकात 'आम्ही' म्हणजे नेहमी चांगली माणसं असतात आणि वाईट ते सगळे 'ते'. या वेळी 'आम्ही' पलीकडच्या बाजूला बसलो आहोत, म्हणून लेखणी जरा अडखळते आहे. अडखळू दे.

आधी एक कबूल करून टाकते. या अख्ख्या शहरात आमच्या मावशींइतकी माणसाला पिडणारी बाई दुसरी नाही. शहागंजातल्या एका साड्यांच्या दुकानात त्यांनी उभं आयुष्य गादीवर बसून काढलं. एक साडी विकायला चाळीस उलगडायच्या, हा त्यांचा धर्म. गिऱ्हाईक उठायला लागलं की काय करायचं, याचं शास्त्र त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. "पदराचं टोक त्याच्या हातात द्यायचं. 'जरा धरा ओ ताई, मी घडी मोडते,' म्हनायचं. टोक हातात असलं की मानूस उठत नाय. लाज वाटती त्याला." नोकरी सुटली, पण शास्त्र सुटलं नाही. त्यांच्या दारावरून रिकाम्या हातानं जाणारा माणूस त्यांना बघवत नसे. कुणाच्या हातात लसणाच्या पाकळ्या, कुणाच्या हातात वाळत घालायच्या पापडाचं एक टोक. एकदा निवडणुकीतला उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला. मावशी म्हणाल्या, "हात मोकळेच हायेत, तर एवढी मेथी निवडा." तो खरंच बसला. मागं त्याचे कार्यकर्ते झेंडे घेऊन ताटकळत उभे, आणि हा देठं वेगळी करतोय. पडला तो पुढं, पण मेथी स्वच्छ निवडली होती, असं मावशी अजून सांगतात.

आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते पाण्यालाही माहीत नसतं. आलं तर भल्या पहाटे येतं, तेही बऱ्याच दिवसांनी, रुसलेल्या जावयासारखं. मावशींना ते कसं कोण जाणे आधीच कळे. मग उलथनं आणि थाळी घेऊन त्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बडवत निघत. नुसतं बडवणं असतं तर चाललं असतं. प्रत्येक दारापुढं त्या घराचा उद्धार असे. "उठा तलाठीसाहेब, सरकारी नोकरी संपली, झोप संपंना व्हय?" "अगं ए नव्या सूनबाई, नवऱ्याला उठीव, हंडा काय मी उचलू?" पाणी सगळ्यांना मिळे आणि शिव्या मावशींना.

आणि वाटी. काठाला पोचा पडलेली एक स्टीलची वाटी. रोज संध्याकाळी ती घेऊन मावशी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभ्या. "चमचाभर विरजण दे गं." घरात दह्याची गाडगी भरलेली, तरी विरजण मागायचं ते दुसऱ्याकडंच. मी एकदा म्हटलं, "मावशी, कालच्या दह्यातलंच थोडं ठेवत का नाही?" तर म्हणाल्या, "ठेवलं असतं की. मग तुझ्या आईचं तोंड कधी बघू?" आई आतून कुरकुरली, "तोंड बघतात अन् 'लई उतरलीस' म्हणून सांगून जातात." सगळ्या गल्लीनं त्यांचं नाव 'वाटीवाली' ठेवलं होतं. वाटी दिसली की पोरं ओरडत, "आली, आली!" आणि बाया टीव्हीचा आवाज बारीक करून आपण घरात नसल्याचं दाखवत. मावशी कडी वाजवत राहत. दार उघडेपर्यंत वाजवत राहत.

आता मूळ गोष्टीकडं येते. शहराच्या कडेकडेच्या वस्त्यांमध्ये एकापाठोपाठ तीन बायांचे खून झाले. तिघी एकट्या राहणाऱ्या. चोरी नाही, भांडण नाही, पद्धत एकच. पोलिसांच्या हाती काही लागलं नाही, आजही लागलेलं नाही. मग एका पेपरला खुन्याचं पत्र आलं आणि पेपरनं ते पहिल्या पानावर छापलं. "पुढची दौलताबाद रस्त्याला राहते. नाव सांगत नाही. गल्लीला विचारा. जिच्यावाचून कुणाचं अडत नाही, ती." एवढंच.

शहरभर अंदाजांचा बाजार भरला. टपरीवर, रिक्षात, भाजीच्या गाड्यावर एकच विषय, ती कोण? मी ताबडतोब पत्रक काढलं, 'ती बाई कोण, याचा शोध घ्या! पोलीस खातं जागं आहे काय?' क्रांती चौकात वाटलं, घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या. पोलीस खात्याला जे जमत नव्हतं ते माझ्या गल्लीनं एका चहात उरकलं. एक हवालदार चौकशीला आला. पारावर बसून त्यानं विचारलं, "काही अंदाज? पत्रातली बाई कोण असंल?" कुणी तोंड उघडलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकदम एकाच दाराकडं वळल्या. माझीसुद्धा. आमच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या चार बाया आहेत, आणि चौघींतली एक निवडायला आम्हाला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. कुणीतरी फिस्सकन हसलंही. हवालदारानं नाव टिपून घेतलं.

त्याच दिवसांत मावशी काय करत होत्या ते ऐका. पत्र त्यांनीही वाचलं होतं, गॅलरीत उभं राहून, मोठ्यानं. आपण ती असू हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांना काळजी बाकीच्या तिघींची. गल्लीच्या तोंडाशी निवृत्त नर्सबाई, मधे खोली घेऊन राहणारी ब्यूटीपार्लरची पोरगी, आणि टोकाला बांगड्यांवाली खाला. मावशींचं म्हणणं सरळ होतं. "त्या खून झालेल्या तिघींच्या हातात कुनाच्या पदराचं टोक नव्हतं, म्हनून गेल्या. ह्यांच्या हातात देऊन ठिवायचं." त्यांनी आपल्या घराची जादा किल्ली नर्सबाईंकडं ठेवायला दिली. पार्लरच्या पोरीला सांगितलं, "मला सकाळी फोन करून उठीव, माझा गजर बिघडलाय." पहाटे नळ ओळखणाऱ्या बाईचा गजर! आणि खालाच्या दारात रोज वाटी. खाला वैतागून म्हणायची, "अगे, तेरे घर में दही जमताच नै क्या?" मावशी म्हणायच्या, "जमता है, पर तुमारे हात का मीठा लगता." खाला पुटपुटत आत जायची आणि वाटी काठोकाठ भरून आणायची. थोड्याच दिवसांत मावशींना उशीर झाला तर खालाच दारात येऊन उभी राहू लागली.

मावशींच्या हातात मात्र टोक कुणी दिलं नाही. आमच्यापैकी कुणाला ते सुचलंच नाही.

करीच्या सकाळी तलाठीसाहेबांनी पारावर बैठक बोलावली. रिटायर झाल्यापासून गल्लीचा कारभार त्यांच्याकडंच. मावशी हातातला हंडा तसाच घेऊन आल्या.

"मावशी," तलाठीसाहेब घसा खाकरत म्हणाले, "आम्हा सगळ्यांचा विचार असाय, की तुम्ही जरा पिशोरला, दिराकडं राहून या. हवापालट व्हईल."

"पिशोरला कोनती येगळी हवा हाय? हितलीच तिकडं जाती."

"तसं नाय. गल्लीत लेकरंबाळं हायेत. उगं कुनी इकडं फिरकाया नको."

"मी गेल्यावर त्यो फिरकायचा नाय व्हय?" मावशी अजून हसतच होत्या. "अन् मीच का? एकट्या चौघी हायेत की. नर्सबाईला धाडा, तिला रजा पन मागाया नको."

पलीकडचे एक काका गुळमुळीत म्हणाले, "नाय, ते पत्रात लिव्हलंय ना, की जिच्यावाचून..." आणि थांबले. वाक्य पुरं करायची हिंमत झाली नाही, पण अर्धंच पुरेसं होतं. मावशींनी हंडा खाली ठेवला. एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. दुकानात गिऱ्हाईक उठून जाताना बघत असतील तसं. माझ्याकडं बघितलं तेव्हा मी निंबाकडं बघत होते. मोर्चात दंडुक्यापुढं उभी राहणारी मी, मला त्या दिवशी निंबावरचा कावळा फार महत्त्वाचा वाटला.

"असं व्हय," मावशी म्हणाल्या. "म्हंजी पत्र त्यानं लिव्हलं, अन् वरचा पत्ता तुमी घातला."

दुपारच्या गाडीनं त्या पिशोरला गेल्या. रिक्षात बसताना खाला तेवढी रडली. बाकीच्यांनी सामान चढवायला मदत केली, हे नमूद करायला हवं. आम्ही माणुसकी सोडलेली नाही.

पुढं काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलं म्हणाल. मावशी गेल्या, पाणी कधी आलं कुणाला कळलं नाही, गल्ली कोरडी राहिली आणि सगळ्यांना पश्चात्ताप झाला. झालं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. गल्ली कोरडी राहिली, पण एकदाच. त्याच दिवशी तलाठीसाहेबांच्या मुलानं मोबाईलवर 'पाणी आलं' नावाचा ग्रुप काढला. आता थाळी नाही, शिव्या नाहीत, मोबाईल टिंग करतो आणि हंडे भरतात. खरंच कुणाचं अडलं नाही. त्या नराधमानं गणित बरोबर मांडलं होतं आणि आम्ही ते त्याला सोडवून दिलं. शरम वाटते ती याचीच. अडत नाही म्हणून काय झालं? माझ्यावाचून कुणाचं अडतं? तलाठीसाहेबांवाचून तर सरकारचंसुद्धा अडलं नाही. माणसानं जगण्यासाठी आधी कुणाचंतरी अडवून दाखवायचं, हा कायदा कुणी केला?

परवा मी पिशोरला गेले. दिराचं घर भरलेलं आहे, दावणीला म्हशी आहेत, दह्याचं मडकं कधी रिकामं होत नाही. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. जाऊबाई त्यांना कशालाच हात लावू देत नव्हत्या, पाहुण्या ना त्या. पोचा पडलेली वाटी घासून, पालथी घालून फळीवर ठेवली होती. "हितं सगळ्यांच्या घरी सगळंच हाय," मावशी म्हणाल्या. "मागाया गेलं तर जाऊबाईला कमीपना वाटतो." मला वाटलं होतं, त्या मला फैलावर घेतील. मी तयारी करून गेले होते.

"कुनाचं अडलं का गं तिकडं?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हटलं. "पाण्याचा ग्रुप केलाय."

"बरं केलं. मग तू कशाला आलीस?"

इतकी पत्रकं लिहिली, पण या प्रश्नाला एक ओळ सापडेना. शेवटी म्हटलं, "विरजण न्यायला."

मावशींनी माझ्याकडं रोखून बघितलं. "पिशोरवरून पडेगावला विरजन? एष्टीतच आंबून जाईल की." पण उठल्या. फळीवरची वाटी काढली, मडक्यातलं दही तिच्यात घातलं, वरून केळीचं पान बांधलं आणि माझ्या हातात दिली. हात लगेच सोडला नाही.

"वाटी परत आनून द्यायची बरं का."

येताना सगळा रस्ता मी ती मांडीवर धरून बसले. टोक हातात होतं, उठता येणं शक्य नव्हतं.

तर आता तुम्हाला सांगते. गल्लीवाल्यांनो, रविवारी सकाळी मी वाटी परत द्यायला पिशोरला निघणार आहे. मी एकटी गेले तर मावशी येणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखते. तुम्ही या. तलाठीसाहेब, तुम्ही गाडीत पुढं बसा. आणि दौलताबाद रस्त्यापासून लांब राहणाऱ्यांनो, तो माणूस अजून मोकळा आहे आणि त्याचं पत्र तुमच्याही गल्लीला लागू पडतं. पत्ता घालू नका. आज संध्याकाळी, घरात विरजण असलं तरी, एक वाटी घ्या. ज्या दाराकडं तुमची मान आपोआप वळते, त्या दारात जा. कडी वाजवा. दार उघडेपर्यंत वाजवत राहा.