आंधी आली तेव्हा गच्चीवर कुरडया होत्या

नवऱ्याची रेल्वेतली बदली भुसावळहून जयपूरला झाली, त्याच उन्हाळ्यात मी आदर्श नगरच्या भाड्याच्या घरात कुरडयांचा घाट घातला. माहेरी हे काम पाच-सहा जणी मिळून करायच्या. इथे मी आणि दहा वर्षांची लेक.

"आई, मतलब एवढं सगळं आपणच करायचं?"

"आपणच!"

तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, शिजवला आणि सोऱ्याने चादरभर कुरडया घातल्या. इतक्या पांढऱ्याशुभ्र उतरल्या की मी दर तासाला वर जाऊन बघून येत होते.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला पश्चिमेचं आभाळ एकाएकी पिवळं झालं. लेकीबरोबर गच्चीवर उभी मी खुळ्यासारखी बघतच राहिले. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून साठी उलटलेल्या पंजाबी काकू ओरडल्या, "बेटा, आंधी आ रही है! उठाओ सब!"

तोवर आमची ओळख नमस्तेपुरतीच. पण काकू मधला बुटका कठडा ओलांडून आल्यासुद्धा, मागोमाग त्यांची सून. चौघींनी चादरीची चार टोकं धरली. "हळू, तुटतील!" मी मराठीतच किंचाळले, आणि त्यांना ते बरोबर कळलं.

चादर जिन्यात ठेवली आणि मला दिसलं, पलीकडे त्यांच्या मुगाच्या मंगोड्यांचं, म्हणजे आपल्या सांडग्यांसारख्या वाळवणाचं, कापड फडफडत होतं. स्वतःचं वाळवण टाकून त्या माझ्याकडे धावल्या होत्या! मी ओढणी कमरेला बांधली आणि कठड्यावरून सरळ उडी मारली. डोळ्यांत रेती, दातांत रेती. कापडाची मोट बांधून परतले तोवर निम्म्या मंगोड्या उडून गेल्या होत्या.

जिन्याचं दार लावून आम्ही पायऱ्यांवर बसलो. बाहेर कुणाचे तरी पत्रे धडधडत होते. एकमेकींची धुळीने माखलेली तोंडं बघून आधी सून हसली, मग कुणालाच आवरेना.

"पर ये है क्या?" काकूंनी एक तुकडा उचलून विचारलं.

"तळूनच दाखवते," मी म्हणाले.

वारा पडल्यावर तेल तापवलं. कुरडई कढईत फुलली तशा काकू "हाय रब्बा!" म्हणत मागे सरकल्या. लेकीने टाळ्या पिटल्या. त्या संध्याकाळी चौघींनी मिळून मोडक्या कुरडया चट्टामट्टा केल्या. दोन-चार रेतीने दाताखाली करकरल्या, पण त्याही संपल्या. जाताना सून म्हणाली, "भाभी, अगले संडे मंगोड़ी दोबारा डालेंगे. आप आओगी ना?"

मी सकाळी सातलाच हजर होते.