बटणावरचं कुंकू

आधीच सांगतो, माझ्या लॅपटॉपला काहीच झालं नव्हतं. रॅम चांगली, बॅटरी चांगली, मदरबोर्ड एकदम ठणठणीत. तरी बी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत तो चालू झाला न्हाई. तेवढ्यात माझं जे व्हायचं ते होऊन गेलं.

आमची अहमदपूरला पिठाची गिरणी हाय. मी नांदेडला होस्टेलवर राहून डिग्री केली, मग वर्षभर घरी बसून नुसते अर्ज करून राहिलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, लई दिवस काही बोलले न्हाईत. गणपतीत एकदा जेवता जेवता म्हणले, "दसऱ्यापर्यंत बघ. न्हाई जमलं तर गिरणीत ये. माझे गुडघे आता ऐकंना गेलेत." मी हाव म्हणलो. काय म्हणणार? गुडघे खरंच ऐकत नव्हते.

आणि मग हैदराबादच्या एका कंपनीत जमतच आलं की! दोन राउंड पार. तिसरा, शेवटचा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. अण्णांनी एक दिवस वाढवून दिला, जसं काही जहागीरच दिली. मेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: लॅपटॉप पाहिजे, कॅमेरा पाहिजे, स्क्रीन शेअर करून एक्सेलमधी काम करून दाखवायचं. वेळ अर्धा तास. मी आठ दिवस दुसरं काही केलंच न्हाई. जेवताना बी बोटं ताटावर फॉर्म्युले टाइप करून राहिली होती.

दसऱ्याला आमच्याकडं गिरणीची पूजा असते. आदल्या दिवशी सगळी झाडून, पुसून घ्यायची. मग अण्णा दगडाला, काट्याला हळदीकुंकू लावतात, आणि सगळ्यात आधी स्टार्टरच्या हिरव्या बटणाला. कुंकू पाण्यात चांगलं कालवून, अंगठ्यानं दाबून. "चालू तिथूनच होते ना," म्हणतात. लहानपणापासून बघतोय, दरसाल तेच. त्या बटणाला कधी काही झालं न्हाई. ते बटण हाय केवढं, बुक्की मारली तरी चालंल असं.

तर अण्णा ह्या दसऱ्याला म्हणले, "तुझं बी हत्यार आण की."

मी पळत जाऊन आणलं! खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं. वर्षभर त्या लॅपटॉपकडं अण्णा घरात घुसलेल्या मांजरासारखं बघायचे, आणि आज त्याला गिरणीच्या शेजारी पाटावर जागा. झेंडूचं फूल ठेवलं, आपट्याचं पान ठेवलं. मग अण्णांनी अंगठा कुंकवात बुडवून विचारलं, "ह्याचं बटण कुठं असतंय?"

"हे काय, वरच्या कोपऱ्यात," मीच दाखवलं. मीच.

त्यांनी अंगठा दाबला. कुंकवाचा एक थेंब कडेनं आत उतरला. मी त्याच बटणाचा फोटो काढून स्टेटसला टाकला, "हत्यार तयार!" लई जणांनी बदाम पाठवले.

संध्याकाळी माझी बहीण त्यावर कॉलेजचा फॉर्म भरत बसली. ती लातूरला शिकते, सणाला आली होती. तेव्हा चालू होता. नंतर मी ओल्या फडक्यानं वरचं कुंकू पुसलं, म्हणजे उरलेलं बी आत ढकललं. हे आता कळतंय.

सकाळी आठला बटण दाबलं. लाइट लागला, पंखा फिरला, मोजून पाच-सहा सेकंद, आणि बंद. परत आपोआप लाइट, पंखा, बंद. उचकी लागल्यासारखं. चार्जर काढला, लावला. दुसऱ्या बोर्डात लावला. मोबाइलवर व्हिडिओ बघितले, एकजण म्हणतो बटण तीस सेकंद दाबून धरा, दुसरा म्हणतो साठ. मी साठ सेकंद धरलं, बोट पांढरं पडेपर्यंत, दहा वेळा तरी. बटण जरा चिकट लागत होतं. मला वाटलं माझ्याच हाताला घाम आलाय.

मग बहिणीवर गेलो.

"काल काय केलं तू ह्याला?"

"फॉर्म भरला. बंद केला. झाकला."

"चहा सांडला ना?"

"मी चहा पीतच न्हाई, येड्या."

"मग तुझ्या हातात गेल्यावरच कसा मेला? तुझ्या बापाचा हाय का?"

"हाव, माझ्याच बापाचा हाय. तुझा कोण हाय ते बघ जाऊन."

दुसऱ्या कोणत्या दिवशी मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी म्हणलो, "तू घरात आली की काहीतरी बिघडतंयच. पनवती." ती उठून आत गेली. आई आतून ओरडली, "सणासुदीचं काय तोंड हाय रे तुझं!" मी लॅपटॉप बॅगेत कोंबला आणि निघालो.

बसस्टँडच्या मागं एक लॅपटॉप दुरुस्तीवाले हायत. त्यांच्या अब्बांचं त्याच दुकानात रेडिओचं काम होतं. सगळे त्यांना भाई म्हणतात. दुकान दहाला उघडतंय, मी साडेनऊपासून शटरसमोर उभा. भाई आले आणि मी सुरूच झालो: "भाई, रॅम गेलीय, शंभर टक्के रॅम, सगळी लक्षणं तीच, अकराला माझी मुलाखत हाय."

"अरे भाऊ, श्वास तर घे."

"रॅमच हाय भाई, काढून पुसा फक्त."

आता मी एवढं छाती ठोकून सांगतोय म्हणल्यावर त्यांनी रॅम काढली. पुसली. बसवली. तेच. मी म्हणलो, मग दुसरी लावून बघा. लावली. तेच. मी म्हणलो, बॅटरी. ती सोडवली. ह्यात पाऊण तास गेला, आणि तो सगळा माझ्या तोंडानं खाल्ला. भाईला मी विचार करूच दिला न्हाई.

अकराला मोबाइलवरून मुलाखतीला जोडलो. एक मॅडम होत्या, एकदम सभ्य. म्हणल्या, मोबाइलवर टेस्ट होत न्हाई, साडेअकराच्या आत लॅपटॉपवरून या, नंतर पुढचा उमेदवार हाय. मी येस मॅम, येस मॅम करून राहिलो. मागं भाईनं लॅपटॉप उजेडात तिरपा धरला होता. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "पूजा केली का ह्याची?"

"हाव. काल. का?"

"बटण दबूनच बसलंय ना हे! आत कुंकू वाळलंय. मशीनला वाटतंय तू बोट धरूनच बसलायस. म्हणून चालू होतंय, म्हणून बंद होतंय." मग हसले. "हर साल दसऱ्यानंतर दोन-तीन तरी येतात असे. पूजा करा ना, पण देवाला दुसरी जागा दाखवा."

स्पिरिट, कान कोरायची कापूसकाडी, बारीक चिमटा. कापूस लाल होऊन बाहेर येत होता. अकरा चोवीसला बटण टक् करून वर आलं. लॅपटॉप चालू झाला! भाईला मिठी मारायचीच बाकी होती. आणि स्क्रीनवर आलं, स्वतःची दुरुस्ती चालू हाय, थांबा. सकाळपासून शंभरदा बंद पडल्यामुळं आता त्याला वाटलं, आपल्याला काहीतरी झालंय. बारीक ठिपके गोल गोल फिरत राहिले. मी बघत राहिलो. अकरा चौतीसला तो उघडला. लिंक दाबली. मीटिंग संपली होती.

मेल केला, फोटोसकट, सगळं खरं लिहून. दोन दिवसांनी उत्तर आलं, सहा महिन्यांनी परत अर्ज करू शकता. कुंकवाबद्दल एक अक्षर न्हाई. मी जरी त्यांच्या जागी असतो तरी काय लिहिलं असतं?

पण मुलाखत हुकली त्याच दुपारी अण्णांना सांगितलं. गिरणी चालू होती, म्हणून ओरडूनच सांगावं लागलं, चार गिऱ्हाइकांसमोर. "तुमच्या कुंकवानं बटण बसलं!"

अण्णांनी गिरणी बंद केली. शांतपणे म्हणले, "तीस वर्षं लावतोय मी. कधी बसलं का?"

"अण्णा, हे बटण येगळं असतंय. भाईला विचारा."

"भाई दुकानदार हाय, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं आसंल. जमलं न्हाई तर न्हाई जमलं म्हण की. कुंकवावर कशाला घालतो?" आणि एका गिऱ्हाइकाकडं बघून, "नाचता येईना, अंगण वाकडं."

ती चार माणसं हसली. मला वाटलं जाऊन तो लाल कापूस आणावा. पण भाईनं तो केव्हाच झाडून टाकला असेल. आणि आणून तरी काय, कापूस बघून अण्णांनी मला हैदराबादला थोडंच पाठवलं असतं? शब्द म्हणजे शब्द. आणि बटण मी दाखवलं होतं, हे कोणी विचारलं न्हाई, मी बी सांगितलं न्हाई.

बहीण दुसऱ्या दिवशी लातूरच्या बसनं गेली. मी सोडायला गेलो न्हाई. रात्री "चुकलं माझं" असा मेसेज टाकला. तिनं वाचला, एवढं दिसतंय.

आता मी सकाळी सातपासून गिरणीत. लॅपटॉप बेस्ट चालून राहिलाय, हे सगळं त्याच्यावरच टाइप करतोय. सहा महिन्यांचं मी घरात कोणाला सांगितलेलं न्हाई.

परवा ज्वारी घेऊन एक मावशी आली. शेजारच्या गल्लीतली, मला लहानपणापासून बघितलेली. मला पिठात बघून अण्णांना म्हणली, "अहो, हे तर हैदराबादला जाणार होतं ना?"

मी मान खाली घालून डब्याचं झाकण लावत होतो. मला वाटलं आता परत अंगण वाकडं निघणार. पण अण्णा खुर्चीवर पाय लांब करून, गुडघ्यावरनं हात फिरवत, एवढ्या कौतुकानं बोलले की मावशी माझ्याकडं वळून बघायलाच लागली.

"बोलावलं होतं की त्यांनी. ह्यानंच नोकरी सोडली. म्हणला, अण्णा, तुम्हाला एकट्याला टाकून मी न्हाई जात."

"गुणाचं लेकरू," मावशी म्हणली, आणि माझ्या पिठानं भरलेल्या गालावरनं हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

अण्णा माझ्याकडं बघून हसले. त्यांना ते खरंच वाटत होतं. मी डबा उचलून मावशीच्या काखेत दिला.