दादाची ‘खिडकी’

पडदा वर जातो. अरुंद गल्लीतला फोटो स्टुडिओ. मागे ताणून बांधलेलं राखाडी कापड, त्याच्यापुढे दोन स्टुलं, आणि डाव्या हाताला उंच खिडकी. तिच्यातून प्रकाश येण्याचं मात्र नाव नको, कारण शेजारची इमारत उठली आणि खिडकीपासून हातभर अंतरावर भिंत आली. कॉम्प्युटरपुढे, चष्मा कपाळावर चढवून, बसली आहे आत्या. अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणते, अगदी तिच्या बरोबरीचेसुद्धा.

फोटो तिचा थोरला भाऊ, दादा, काढायचा, रंग आत्या ठरवायची. तिच्या मते रॉ फोटो म्हणजे तोंडाला रंग न लावता विंगेत उभा असलेला नट. कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं त्याच्यात असतं, पण लोकांपुढे कसं यायचं ते ठरलेलं नसतं. ते ठरतं प्रोफाइलने, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या रंगांच्या तयार साच्याने. यादीतून ‘पोर्ट्रेट’ निवडलं की गालांवर टवटवी येते. ‘न्यूट्रल’ निवडलं की माणूस आहे तसा, जरा फिकाच. आणि एक प्रोफाइल दादाने स्वतः बनवलं होतं, समोर इमारत नव्हती त्या काळात, सकाळच्या उजेडात रंगांचा तक्ता ठेवून. नाव दिलं ‘खिडकी’. ते लावलं की चेहरा नुकताच धुतल्यासारखा दिसायचा.

पण असं प्रोफाइल ज्या कॅमेऱ्यासाठी बनवलं त्याचंच. दुसऱ्या कॅमेऱ्याचा फोटो उघडला तर ते यादीत दिसतसुद्धा नाही. दादाचा कॅमेरा दादाबरोबरच जिन्यावरून पडला. माणूस गेला, कॅमेऱ्याचे तुकडे झाले, आणि ‘खिडकी’ यादीतून नाहीशी झाली. आत्याने नवा कॅमेरा आणला, ‘पोर्ट्रेट’वर भागवू लागली.

वहिनी वरच्या खोलीत राहायची. भिंतींना ओल, छातीत घरघर. आणखी एक हिवाळा इथे काढला तर भरवसा देता येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. लेक गाडी घेऊन न्यायला यायची आणि हात हलवत परत जायची. “हे घरातच आहेत. त्यांना सोडून कशी येऊ?” वहिनीचं एकच पालुपद.

शेवटी एका दुपारी वहिनी काठी टेकत खाली आली. मागोमाग लेक.

“वन्सं, आमचा दोघींचा एक फोटो काढा. त्यात यांचा हात कुठे दिसला नाही, तर मी मुकाट्याने गाडीत बसते. दिसला तर मात्र पुन्हा विषय काढायचा नाही.”

“आई, अगं फोटो आत्या काढणार. बाबांचा हात कसा दिसेल त्यात?”

“तू गप गं. वन्सं समजल्या. यांनी काढलेला फोटो त्या बरोबर ओळखतात.”

“आत्या, मला उगीच गोरी करू नकोस हं,” लेक स्टुलावर बसत म्हणाली.

“तुझा रंग आहे तसाच ठेवते बाई. डोक्यातला गोंधळ तेवढा कुठल्या प्रोफाइलने जात नाही.”

तिघी हसल्या. आत्याने फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, यादी उघडली. स्टँडर्ड, पोर्ट्रेट, न्यूट्रल. आणि त्याखाली ‘खिडकी’.

आत्याने चष्मा पुसला. यादी बंद करून पुन्हा उघडली. तिथेच होतं.

तिने ते निवडलं.

लेकीचा चेहरा तसाच राहिला. शेजारी बसलेल्या वहिनीच्या डाव्या गालावर मात्र निळसर, स्वच्छ सकाळ उतरली. प्रोफाइल रंग बदलतं, ते सगळ्या फोटोचे. एकाच गालाला शोधून काढत नाही. आत्याने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. वहिनीच्या बुबुळात खिडकी होती, खिडकीत आभाळ होतं, आणि खिडकीच्या अलीकडे, कॅमेऱ्यावर वाकलेला एक उंच पुरुष. कॅमेऱ्यामागे तर मघाशी आत्या उभी होती, टाचा उंचावून.

पाठीमागून वहिनीचा खोकला आला. थांबता थांबेना. लेक तिची पाठ चोळत होती.

“झालं का हो, वन्सं?”

आत्याने मागे वळून दोघींकडे पाहिलं. तिने ‘न्यूट्रल’ निवडलं. गालावरची सकाळ विझली, डोळे नुसते डोळे झाले.

“या, बघा.”

वहिनी स्क्रीनला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिली. “नाहीत ना हो हे?”

“कोणी नाही, वहिनी. तुम्ही दोघी, आणि मागे आपलं राखाडी कापड.”

आयुष्यभरात रंगाच्या बाबतीत आत्या कधी खोटं बोलली नव्हती. वहिनीने मान डोलवली, पदराने डोळे टिपले, आणि लेकीचा हात धरून बाहेर पडली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत आत्या दारात हात हलवत उभी होती.

समोरचा फ्रेमवाला थोड्या वेळाने फ्रेमा द्यायला गेला. आत्याचं बोलणं ऐकणारा शेवटचा माणूस तोच. स्क्रीनवर यादी उघडी होती, ‘खिडकी’वर खूण होती, आणि डावीकडच्या भिंतीआड कोंडलेल्या खिडकीतून, त्याच्या सांगण्याप्रमाणे, लख्ख ऊन येत होतं. आत्या राखाडी कापडापुढच्या स्टुलावर केस नीट करून बसली होती. समोर कॅमेरा. कॅमेऱ्यामागे कोणी नाही. तिकडेच बघून ती हसली आणि म्हणाली, “दादा, गेल्या रे त्या सुखरूप. आता माझा काढ.”