आमच्या घराचा पिवळा दोरा

बहारीनमध्ये आमच्या घराचा रंग पिवळा होता. हळदीसारखा, गडद. तो आपांनी दिलेला.

आपा रिफ्याला राहायच्या. मूळच्या दापोलीकडच्या. घरी बसून ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायच्या. त्यांचे मिस्टर अस्करच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये फोरमन होते. इकडून कुणी सुट्टीवर जायला निघालं की आपा त्याच्या बॅगेत आम्हा सगळ्यांची पार्सलं कोंबायच्या, आणि तिकडून कुणी येणार असलं की हेच काम त्यांचा भाऊ करायचा. पार्सलावर नाव नाही, नंबर नाही. प्रत्येक घराचा एक दोरा, शिवणाच्या रिळातला, आपांच्या खास गाठीने बांधलेला. ती गाठ ओढली की घट्ट व्हायची. सोडवायची तर आतल्या बाजूने नख घालावं लागायचं.

“नाव पुसतंय गो, दोरा नाय पुसत,” असं त्या म्हणायच्या.

एखादं घर कायमचं बहारीन सोडून गेलं तरच त्याचा रंग दुसऱ्याला मिळायचा. तोवर नाही. एकदा मी गमतीत हिरवा मागितला, तर म्हणाल्या, “हिरवेवाले हायत अजून हितंच. त्यांना हाकलू काय तुज्यासाठी?”

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. मी फार बोलणारी बाई नाही, आणि माझं कामही न बोलण्याचंच. मनामातल्या एका क्रिप्टो कंपनीत मी कम्प्लायन्स बघते, म्हणजे कंपनी नियमांत राहते की नाही यावर लक्ष ठेवते. मी सांगतेय त्या वर्षी कंपनीने परवान्यासाठी अर्ज केला होता. जबाबदार व्यक्ती म्हणून त्यात माझं नाव होतं आणि त्याची मंजुरी यायची होती. नियम मला तोंडपाठ होते. दुसऱ्याचे पैसे घेऊन तिसऱ्याला पोचवायचा धंदा करायचा तर परवाना लागतो. मग ते पैसे नोटांतले असोत की फोनमधल्या नाण्यांतले. थोडे असतील तर चालतं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं होतं. का शोधलं होतं, तेच आता सांगायचंय.

आपांकडे पार्सलांमागोमाग पैसेही यायला लागले होते. इथे त्यांच्या हातात दिनार द्यायचे, तिकडे भाऊ दारात रुपये नेऊन द्यायचा. मीही दिले होते. आई न्हाणीघरात पडली तो रविवार होता. ऑपरेशनआधी हॉस्पिटलला रोख रक्कम हवी होती आणि तिकडच्या बँका बंद, त्यामुळे माझ्या बँकेतून दुसऱ्या दिवसापर्यंत काही पोचणार नव्हतं. मी आपांना फोन केला. संध्याकाळच्या आत त्यांचा भाऊ पैसे भरून आईच्या उशाशी बसला होता, तिला चमच्याने पाणी पाजत. आईला वाटलं, मी माणूस ठेवलाय. “पगार चांगला दे हो त्याला,” ती मला फोनवर म्हणाली.

पुढे त्या भावाने फोनवरची नाणी शिकून घेतली, डॉलरच्या भावाची. आपा इथे जमलेल्या दिनारांतून ती नाणी विकत घेऊन त्याला फोनवरून धाडायच्या आणि तो ती विकून घरोघर रोख द्यायचा. स्वतःसाठी अगदी थोडं ठेवायच्या. पण ठेवायच्या.

त्या दिवशी मी मापासाठी उभी होते. दोन्ही हात वर, छातीभोवती टेप, आपांच्या कानामागे खडू.

“तुज्या हापिसात पन ह्येच चालतंय ना गो? नाण्यांचं?”

“हो, तसंच काहीसं.”

“मग मी करतंय ते बरोबर हाय ना? लायसन-बियसन लागत असंल तर सांग हां. आजच बंद करीन. ह्यांची नोकरी ऱ्हायली पायजे, पोरीची शाळा संपायची हाय. लोकांचं भलं करायला जाऊन हितनं उठायची पाळी नको.”

त्याच आठवड्यात मी तो नियम ऑफिसमधल्या नव्या मुलांना शिकवला होता. एक वाक्य बोलायचं होतं. लागतं आपा, बंद करा. पण ते वाक्य मी बोलले असते, तर ‘मला माहीत आहे’ हे ठरलं असतं. माहीत असलं की पुढचे प्रश्न आले: कधीपासून, कुणाकुणाचे, तुमचेही का? आणि माझं नाव तिकडे मंजुरीसाठी पडलेलं. ऐकलंच नाही असं दाखवलं की माझ्यावर काही येत नव्हतं.

“तुमचं काय एवढंसं, आपा,” मी म्हटलं. “ते सगळं मोठ्या कंपन्यांसाठी असतं.”

“बग हां. तुज्या भरवशावर.” त्यांनी टेप ओढली. “अंग चोरू नको गो अशी. मग म्हनशील, ब्लाउज काचतोय.”

परवाना मिळाला. माझं नावही मंजूर झालं. आपांनी सांदणं करून पाठवली, पिवळा दोरा बांधून. आणि मग, मी कधी डोक्यातही आणलं नव्हतं ते त्यांनी केलं. दुसरीकडचं खातं बंद करून आमच्या कंपनीत उघडलं. आपल्या बायची कंपनी म्हणून.

काही महिन्यांनी त्यांचं नाव माझ्या स्क्रीनवर आलं. बऱ्याच जणांकडून थोडे थोडे पैसे येतात आणि सगळे एकाच ठिकाणी जातात, म्हणून मशीनने खूण केली होती. ओळखीचं माणूस असेल तर तसं सांगून काम दुसऱ्याकडे द्यायचं असतं. मी दिलं नाही. ओळख सांगितली असती तर बाकीचंही निघालं असतं. असे संशयाचे व्यवहार सरकारला कळवायचा अहवाल मीच लिहिला, चांगला लिहिला. तो चुकीचा नव्हता, हेही सांगते. ज्याच्याबद्दल कळवलं त्याला ते कळू द्यायचं नाही, असा नियम आहे, आणि नवऱ्याला मी नंतर तेवढंच सांगितलं: माझे हात बांधलेले होते. अहवालानंतर ते बांधलेलेच होते. त्याआधी, टेपेच्या वर, दोन्ही मोकळे होते.

ईदला आम्ही आपांकडे जेवलो. त्या माझ्या ताटात वाढत राहिल्या आणि मी खात राहिले.

मग खातं थांबलं. आपांचा फोन आला. “अगो, तुजंच हापिस ना? बग जरा. मशीन बिघडलं असंल.”

“बघते,” मी म्हटलं.

पुढे चौकशी झाली, खटला झाला, दंड झाला, आणि आपांना देश सोडायला सांगितलं. मिस्टरांना राहता आलं असतं. ते राहिले नाहीत. मुलीची शाळा अर्ध्यात सुटली. निघण्याच्या आदल्या दिवशी रिफ्याच्या त्या फ्लॅटमध्ये बायका जमल्या होत्या. शिवणाचं मशीन विकून झालं होतं. फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग राहिले होते. एक बाई माझ्याकडे बघत म्हणाली, “हिच्याच कंपनीतून गेलं म्हणे सगळं.”

“गप ऱ्हा,” आपा तिच्यावर उखडल्या. “हिला ठाव असतं तर हिनं नसतं सांगितलं मला? काय गो?”

“हो,” मी म्हटलं. “सांगितलं असतं.”

नंतरही पार्सलं येत राहिली. आता तिकडून आपाच बांधायच्या. कोकम, सुकट, एकदा आमच्या अंगणातल्या जायफळाची फळं. म्हणजे वाट वाकडी करून त्या माझ्या आईकडे जाऊन आल्या होत्या. बेल वाजली की मुलगी ओरडायची, “मम्मी, येलो थ्रेड!” दारात कुणीतरी अनोळखी, विमानाचा शीण चेहऱ्यावर. “आपांनी दिलंय.” मी सही करत नव्हते, पावती देत नव्हते, घेत होते. ऑफिसात स्क्रीनवर नवं नाव आलं की मानेला टेपेच्या टोकाचा गार पत्रा लागायचा. रिफ्यातून जाताना मी त्यांच्या गल्लीकडे बघायचं टाळायची. तरी सिग्नलला काच बंद असूनही शिवणयंत्र ऐकू यायचं. एसी असेल.

गेल्या हिवाळ्यात पार्सलात ब्लाउज आला. सोबत मोबाइलवर आपांचा आवाज: “माप हाय माज्यापाशी. हिकडं टेलर लई झालेत, पन तुला दुसऱ्याचा बसायचा नाय.” मी आरशासमोर घातला. काखेत काचत होता. त्या दिवशी मी जशी उभी होते, तसाच्या तसा.

तो अंगात असतानाच मी फोन लावला.

“आपा, तुम्ही मला विचारलं होतंत. लायसन लागतं का म्हणून.”

“हां.”

“मला माहीत होतं. लागतं ते.” पुढचं, जे बोलायला मला आजही मनाई आहे, तेही बोलले. “आणि कळवलं ते मीच.”

तिकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बारीक केला.

“माप घेत व्हते, तवा ठाव व्हतं तुला?”

“हो.”

“हात वर करून हुबी व्हतीस तवा?”

“हो, आपा.”

“तरीच,” त्या म्हणाल्या. “मी म्हनतंय, माजं माप चुकत नाय कदी.”

फोन बंद झाला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. मी पुन्हा लावला नाही. त्यांनीही नाही.

मुंबईची, कोकणातली माणसं येत राहिली. आमची बेल वाजली नाही. मुलीने एकदा विचारलं, “नो पार्सल?” मी म्हटलं, कुणी येत नसेल.

आमच्या कंपाउंडमध्ये चिपळूणचं एक नवीन जोडपं राहायला आलंय. मागच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले. ओट्यावर पार्सल होतं आणि ती मुलगी त्याच्या गाठीशी झटत होती. हळदीसारखा गडद पिवळा दोरा.

“हा आमचा रंग,” ती कौतुकाने म्हणाली. “तिकडच्या एक बाई देतात. आधी कुणाचा तरी होता म्हणे. ते लोक इथून कायमचे गेले, म्हणून आम्हाला मिळाला. तुम्ही तर जुन्या इथल्या. कोण होते हो?”

मी पार्सल जवळ ओढलं. आतल्या बाजूने नख घातलं. गाठ सुटली.

“होतं एक घर,” मी म्हटलं. “गेलं.”