साखरपुड्यातला फ्लेक्स

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला देशपातळीवरचे एक बडे नेते पाठमोरे हजर होते.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकतर ते तुम्हाला माहीत आहे, आणि दुसरं म्हणजे आमच्या घरात ते नाव घेतलं की बायको माझ्यापुढचं ताट उचलून नेते (भात वाढायच्या आधी!). पण त्या दिवसापर्यंत ते माझे 'साहेब' होते. वीस वर्षांपूर्वी बोईसरला त्यांची सभा झाली, तेव्हा मला सांगलीकडून येऊन इथल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर लागून सात-आठ वर्षं झाली होती. व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी गर्दी आवरायला उभा होतो. साहेब उतरताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, "काय, बरं आहे ना?" मी "हो" म्हणायच्या आत ते गाडीत बसले होते. पण तेवढ्यावर मी वीस वर्षं काढली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे, उमरोळीला सासुरवाडीत, जिथे कोणी साहेबांबद्दल वाकडं बोललं तिथे मी भांडलो. दोन जावयांना जेवणावरून उठवलं. त्यातला एक मी स्वतः होतो.

त्यामुळे प्राजूचा, म्हणजे माझ्या मुलीचा, साखरपुडा ठरला तेव्हा फ्लेक्स होणारच होता. आमच्या भागात बारसं असो, वाढदिवस असो, की मुलगा दहावीला दुसऱ्यांदा बसून पास झालेला असो, चौकात फ्लेक्स लागतोच. त्याचा एक शिरस्ता असतो. वर नेत्याचा भलामोठा चेहरा, खाली ज्याचं कार्य आहे त्याचा लहान फोटो. मी तो शिरस्ता इमानाने पाळला. साहेब दरवाजाएवढे. मी पोस्टकार्डाएवढा. प्राजू आणि नवरामुलगा निखिल पासपोर्ट आकाराचे. आणि मधोमध लाल अक्षरांत, माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली ओळ: 'लेकीबाळींचे पाठीराखे'.

बायको म्हणाली, "अहो, साखरपुडा कोणाचा आहे?"

"प्राजूचा."

"मग ती शोधायला चष्मा का लावावा लागतोय?"

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि शनिवारी संध्याकाळी फ्लेक्स फाटकावर बांधला. रविवारी दुपारी चारला वाणगावहून पाहुणे येणार होते.

रविवारी सकाळी सातला गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकाच बातमीचा आवाज येऊ लागला. साहेबांच्या कार्यालयात काम करणाऱ्या काही बायकांनी तक्रार केली होती. साहेब त्यांना कामाचं निमित्त काढून विश्रामगृहावर बोलावून घ्यायचे. नाही म्हणणारीची बदली व्हायची. एकीने फोनवरचं बोलणं जपून ठेवलं होतं, आणि ते वाहिनीवर ऐकवत होते. जो आवाज मी वीस वर्षं मनात जपला होता, तोच आवाज ऐकवू नये असं काहीतरी बोलत होता. माझ्या हातातला चहा बशीत सांडला आणि बशीतून लेंग्यावर.

सगळी गल्ली सुन्न झाली होती. समोरचे निवृत्त कारकून, जे एरवी पेपर मोठ्याने वाचतात, ते पहिल्यांदा मनात वाचत होते. कोपऱ्यावरचा रिक्षावाला मागच्या काचेवरचं साहेबांचं स्टिकर नखाने खरवडत होता. नाक निघालं होतं, मिशी निघत नव्हती. तारापूरहून मासे घेऊन येणारी आमची नेहमीची मावशी फाटकाशी पाटी उतरवून फ्लेक्सकडे बघत राहिली.

"भाऊ, तुमच्या सायबांचं आयकलं काय?"

"आरोप आहेत, मावशी. आरोप कोणावरही होतात."

"मना काय वाचता येत नाय," ती म्हणाली, "पन ह्यो फोटो आज बरा दिसत नाय."

घरात आलो तर बायको आणि प्राजू टीव्हीसमोर उभ्याच होत्या. मला तिथे गप्प बसता आलं असतं. पण वीस वर्षांची सवय. मी म्हणालो, "हे सगळं ठरवून चाललंय. खरं असतं तर त्या बायका इतकी वर्षं गप्प का बसल्या?"

प्राजू इथल्याच एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. ती माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, उद्या मी माझ्या साहेबांबद्दल असं काही सांगितलं, तर तुम्ही मलाही हेच विचारणार का?"

मी "छे छे" म्हणालो. मग "तसं नाही गं" म्हणालो. मग पंखा मोठा केला. ती उत्तराची वाट बघत थोडा वेळ थांबली आणि आत निघून गेली. मला बॉयलरसमोर कधी फुटला नाही असा घाम फुटला.

"आता काय करणार आहात?" बायकोने विचारलं. "निखिलची आई कोण आहे ते आठवतंय ना?"

शैलाताई वाणगावच्या शाळेत शिक्षिका. बायकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या तालुक्याच्या समितीवर त्या दहा वर्षं होत्या. एका मोठ्या अधिकाऱ्याला त्यांनी घरी बसवलं होतं, हे खुद्द निखिलनेच आम्हाला अभिमानाने सांगितलं होतं. आणि ही बाई चार वाजता माझ्या फाटकातून, दरवाजाएवढ्या 'पाठीराख्या'च्या खालून आत येणार होती.

"हे लग्न मोडलं ना, तर मी माहेरी जाणार नाही," बायको म्हणाली. "तुम्हाला पाठवीन सांगलीला."

मी लेंग्यावरचा चहा तसाच ठेवून शिडीवर चढलो आणि फ्लेक्स उतरवला. आता तो टाकायचा कुठे? इथे माझा मेहुणा दिनेश मदतीला आला, आणि घोळ तिथूनच वाढला. दिनेश उमरोळीचा भातशेतीवाला. त्यांच्याकडे फ्लेक्स कधी फेकत नाहीत. निवडणूक झाली की लोक फ्लेक्सवर टपलेले असतात. कोणी घराच्या कौलांवर टाकतो, कोणी पेंढ्यावर, कोणी सुकत घातलेल्या बोंबलांवर. सगळ्या पक्षांचे नेते पावसाळाभर गावाचं रक्षण करत पडलेले असतात, एवढीच त्यांची सेवा दिसते.

"भावोजी, फाडू नका," दिनेश म्हणाला. "चांगला माल हाय. मी नेतो पेंढ्यावर टाकायला. तवर ठेवा बाजूला."

तेवढ्यात मांडववाला आला. "भाईसाब, पीछेवाला परदा गोदाम में भीग गया. बाकी सब लाया हूँ."

मांडव घराच्या पश्चिमेच्या मोकळ्या जागेत होता. मुलामुलीच्या खुर्च्यांमागे पडदा नाही म्हणजे मागे काय? शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी आणि दोरीवर त्यांच्या चार पिढ्यांचे कपडे. बायकोने कपाळाला हात लावला. दिनेशने फ्लेक्सकडे पाहिलं, मी दिनेशकडे पाहिलं.

"उलटा बांधला तर?" तो म्हणाला. "मागनं पांढराच हाय ना. आमी पेंढ्यावर तसाच टाकतो, नायतर गुरं बिचकतात."

दुपारी दीड वाजता आम्ही तो उलटा बांधला. पांढरास्वच्छ! वर झेंडूच्या माळा सोडल्या, मधे कागदी मोर लावला. बायकोसुद्धा म्हणाली, "छान दिसतंय." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या कामाला ती 'छान' म्हणाल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

चारला पाहुणे आले. शैलाताई फिकट निळ्या साडीत, डोळ्यांवर चष्मा, एकेका माणसाकडे नीट बघणाऱ्या. सरबत झालं आणि विषय निघालाच. निखिलचे मामा म्हणाले, "काय ऐकावं लागतंय हो! आमच्या देव्हाऱ्याशेजारी त्यांचा फोटो होता."

"मग?" कोणीतरी विचारलं.

"सकाळी काढला. भिंतीवर चौकोन उमटलाय. आता तिथे काय लावावं कळत नाही."

सगळे हळहळत होते. एक आजी पुनःपुन्हा म्हणत होत्या, "मी मत दिलंय हो त्याला, मी मत दिलंय." मी सर्वात जोरात मान हलवत होतो. "भयंकर, भयंकर," असं मी इतक्या वेळा म्हणालो की प्राजूने एकदा वळून पाहिलं.

पाच वाजले. गुरुजींनी मुलामुलीला खुर्च्यांवर बसवलं, ओटी भरून झाली, अंगठ्यांची डबी उघडली. आणि समोर बसलेली वाणगावची मंडळी हळूहळू बोलायची थांबली.

मी फ्लेक्सच्या बाजूला, पाहुण्यांकडे तोंड करून उभा होतो. मला वाटलं, प्राजू सुंदर दिसतेय म्हणून शांत झाले असतील. माझे डोळे भरून आले. मग मामा मान वाकडी करून काहीतरी उलटं, अक्षर अक्षर जुळवून वाचायला लागले. "ले... की... बा..."

मी मागे वळून पाहिलं. सूर्य खाली आला होता, बरोबर पडद्यामागे. उन्हाने सगळा फ्लेक्स उजळला होता. कागदी मोराच्या दोन्ही बाजूंनी साहेबांचे गाल आले होते. हात जोडून, दरवाजाएवढे, माझ्या मुलीच्या डोक्यावर ते हसत होते.

शैलाताई उठून उभ्या राहिल्या. गुरुजींनी डबीचं झाकण लावलं.

"भाऊ, हे काय आहे?"

"फ्लेक्स," मी म्हणालो.

"ते दिसतंय. इथे कसा?"

दिनेश धावून आला. "ताई, तो माजा हाय. पेंढा झाकायला आनलेला. भावोजींचा काय संबंद नाय."

बिचारा मनापासून बोलला. पण त्याच्या खांद्याच्या वर, साहेबांच्या हनुवटीखाली, पोस्टकार्डाएवढा मी स्वतः प्रसन्न हसत होतो. शैलाताईंनी आधी त्या माझ्याकडे पाहिलं, मग या माझ्याकडे.

बायकोने डोळे मिटून घेतले होते. प्राजू मात्र माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. सकाळी जशी थांबली होती, तशीच थांबली होती. मला आयुष्यात कधी वाटली नाही एवढी लाज वाटली. मांडववाल्यावर, शेजाऱ्यांवर, छापणाऱ्यावर ढकलायच्या तीन-चार थापा तयार होत्या. त्या मी गिळल्या.

"फ्लेक्स माझाच आहे, ताई. ओळही मीच लिहिली. या माणसासाठी मी वीस वर्षं भांडलो. आज सकाळी फोन ऐकल्यावरसुद्धा म्हणालो, त्या बायका इतकी वर्षं गप्प का बसल्या. प्राजूने विचारलं, मी बोलले तर मलाही हेच विचाराल का? मी पंखा मोठा केला." मी लेकीकडे वळलो. "प्राजू, नाही विचारणार. आधी ऐकून घेईन. सकाळी माझं चुकलं."

प्राजूने मान खाली घातली, आणि तिची नथ थरथरताना मला दिसली.

शैलाताई म्हणाल्या, "समितीपुढे पोरी यायच्या ना, त्यांना मी पहिलं विचारायचे, घरी सांगितलंस का? बहुतेक जणी म्हणायच्या, नाही, बाबा मलाच ओरडतील." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही चारचौघांत बोललात, ते बरं केलंत. पण भाऊ, मला एक सांगा. वीस वर्षांत हा माणूस तुम्हाला ओळखता आला नाही. मग आमच्या निखिलची चौकशी कोणी केली?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मुलीच्या बापाने 'मीच केली' म्हणायचं असतं. पण खरं बोलायला एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"प्राजूनेच केली," मी म्हणालो. "निखिलच्या ऑफिसातल्या चार मुलींना भेटून आली. मला फक्त फ्लेक्सचं काम दिलं होतं."

निखिल खुर्चीतून अर्धा उठला. "चार? कोण चार?"

"तू खाली बस," शैलाताई म्हणाल्या आणि प्राजूकडे वळल्या. "काय म्हणाल्या गं त्या?"

"डबा खाताना फार बोलतो," प्राजू म्हणाली, "पण त्याच्यासोबत एकटीला थांबावं लागलं तर भीती वाटत नाही, म्हणाल्या."

शैलाताईंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला. त्यांनी प्राजूच्या पाठीवरून हात फिरवला. "मग आम्हाला मुलगी पसंत आहे. गुरुजी, डबी उघडा. आणि भाऊ, तो आधी उतरवा."

मी आणि दिनेशने फ्लेक्स उतरवला. त्यामुळे अंगठ्या घालतानाच्या सगळ्या फोटोंत मागे काळी टाकी आणि शेजारच्या आजोबांचे पट्ट्यापट्ट्यांचे लेंगे आहेत. पण त्या फोटोंत प्राजू हसतेय, आणि मला तेवढं पुरतं.

पुढच्या महिन्यात लग्नाची कामं वाटायला सगळे जमले. केटरर बायकोकडे, हॉल दिनेशकडे, पत्रिका प्राजू आणि निखिलकडे. मी बराच वेळ वाट बघून विचारलं, "आणि मी?"

बायकोने यादीवरून नजरसुद्धा वर केली नाही. "पाण्याचे जार," ती म्हणाली. "त्यावर फोटो नसतो."