दोर पडला की थांबायचं

सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं ते मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी. बोलणं सुधारलं, पायही सुधारला, पण उजवा हात गेला तो गेलाच. जालन्याच्या स्टेशनावर जन्मभर टांगा हाकलेला माणूस डाव्या हातानं भाकरी मोडायला शिकत होता. स्टेशनावर रिक्षा वाढल्या होत्या, म्हातारी घोडी विकून झाली होती. उरलं होतं ते अंगणातला टांगा आणि तिचं शिंगरू. तांबूस, लांब पायांचं, मादी.

माझा नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. तो म्हणाला, "हिलाबी विकून टाकू. घोड्याला दोन्ही हात लागतेत."

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. मामा म्हणाले, "हाताला जोर न्हाई ना? मंग माझ्या हाताच्या हिशोबानंच शिकवतो तिला."

सगळे हसले. मीही. माझ्या माहेरी, अंबडकडे, घोडं शिकवणं म्हणजे पाय बांधून पाडायचं आणि चाबूक. मामा मात्र सुरुवातीला नुसते गोठ्यात पोत्यावर बसून राहायचे, तिच्याकडे पाठ करून. शेवटी तिनंच येऊन त्यांची टोपी हुंगली. मग ते तिच्या मानेवरून तोच निकामी हात फिरवायला लागले. मान, कान, पोट, पाय. एकेक खूर मांडीवर घेऊन दगडानं हलकेच ठोकायचे, पुढे नालबंद आला तर बुजायला नको म्हणून. पाठीवर आधी फडकं, मग गोणपाट. सासूबाई चुलीपुढून ओरडायच्या, "पोरायला तर कधी असं गोंजारलं न्हाई!" खरंच होतं ते. नवऱ्याचा चेहरा उतरायचा आणि मला मामांचा रागही यायचा.

खरा धडा दोराचा होता. चालताना मामांच्या डाव्या हातात काठी, म्हणून दोर उजव्या हाताच्या ढिल्या मुठीत. ती मूठ कधी सुटेल याचा नेम नव्हता. म्हणून त्यांनी तिला शिकवलं, दोर खाली पडला की जागच्या जागी उभं राहायचं. कुणी कितीही हाका मारल्या तरी तो पुन्हा उचलेपर्यंत हलायचं नाही. उभी राहिली की भाकरीचा तुकडा. चुकली तर परत पहिल्यापासून. मारलं एकदाही नाही. पुढे पुढे अंगावर कुत्री भुंकली तरी ती ढिम्म उभी राहायची.

"पाडव्याला टांगा जुंपून राह्यलो म्या," मामा मला म्हणाले. "पहिली सवारी तुझी." आजारपणानंतर त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. हे जमलं नाही तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही, हे मला तेव्हा कळलं. मग मीही हसायचं सोडलं.

गाड्यांची सवय व्हावी म्हणून ते तिला सडकेवर न्यायला लागले. त्या सकाळी मी गवताचा भारा घेऊन येत होते. मामा सडक ओलांडून कडेला पोचले होते, ती मागे, मध्यावर. मूठ सुटली. दोर डांबरावर पडला.

ती थांबली. शिकवलं होतं तशी, चारी पाय रोवून, कान पुढे करून.

सळयांनी भरलेला ट्रक हॉर्न देत येत होता. मामा ओरडत होते, "ये! ये, जल्दी ये!" ती त्यांच्याकडे बघत राहिली. मामा दोर उचलायला वळले तेव्हा चहाच्या टपरीवाल्यानं त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. ट्रकचे ब्रेक लागले, पण एवढ्या ओझ्याची गाडी कुठे थांबते?

जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "येडं जनावर. दुसरं असतं तर उधळून वाचलं असतं." त्याच्या तोंडात मारावी असं वाटलं मला.

त्या दिवसापासून मामा बोलेनासे झाले. टांगा अंगणात तसाच पडून राहिला, पाडव्याच्या आधीच भंगारवाल्यानं नेला. मामा बाजेवर पडून असायचे.

माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. एक दिवस ती दुडूदुडू चुलीकडे निघाली. मी "थांब!" म्हटलं आणि ती लगेच थांबली, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी तिला उचलून मुका घेतला. म्हटलं, "शहाणी गं माझी बाय. कसं बराबर ऐकती."

बाजेवरून मामांचा आवाज आला.

"सूनबाई, इतकं ऐकायला नको शिकवू तिला."