वेचणीचे हात

अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी वर्गातल्या सगळ्यांनी राक्षस, रोबो नि उडत्या गाड्या निवडल्या. मी आईचे हात निवडले. कापूस वेचणारे. सोपं वाटलं होतं, दुसरं काय.

चिकनगुनिया होऊन गेल्यापासून आईची बोटं नीट वळत नव्हती. स्वयंपाक ती कसाबसा रेटायची, पण वेचणी सुटली ती सुटलीच. ते हात मी लहानपणापासून पाहिलेले. डावा एका बोंडावर, उजवा दुसऱ्यावर आणि डोळे तिसऱ्याच झाडाकडे. त्यांचा व्हिडिओ काढावा असं कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता ते फक्त माझ्या आठवणीत होते आणि तिथूनही पुसट व्हायला लागले होते, म्हणून माझी घाई. फिल्म पाहून आईनं हे आपले हात म्हणून ओळखावेत, एवढंच मला हवं होतं. परीक्षकांचं काय ते नंतर बघता आलं असतं.

कॉलेज नागपूरला, पण चित्रं काढायला मी समुद्रपूरला घरी आले. पुढच्या खोलीत नेहमीसारखा कापसाचा ढीग होता, त्याच्याच कडेला टेबल मांडलं. काचेखाली दिवा, काचेवर कागदावर कागद, आणि एकेक चित्र. फोटो काढून ते सगळे भराभर फिरवून पाहिले, तर प्रत्येक कागदावर कापसाचा तंतू बसलेला. पडद्यावर हात कमी आणि तंतूच जास्त नाचत होते. कापसाच्या ढिगाशेजारी बसून चित्रं काढायची अक्कल कापूसवाल्याच्या पोरीलाच सुचणार! चिडून टेबल अंगणात नेलं, तर कागद वाऱ्यानं शेजारच्या गोठ्यात गेले. टेबल परत आत आणलं.

मग टॅबलेट काढला. त्यात आधीचं आणि नंतरचं चित्र दिलं की मधली चित्रं सॉफ्टवेअर स्वतःच भरतं. हात लोण्यासारखे सरकायला लागले. कापूस वेचत नव्हते, कुणाच्या गालावरून फिरत होते. बोंडाचं टोक बोटाला टोचतं, हात जरा बिचकतो आणि मग ओढतो. ते बिचकणंच पळालं होतं. मेहनत वाचावी म्हणून उजवा हात उलटवून डावा केला, तर बाई टाळ्या वाजवताना दिसायला लागली. मी जेवता जेवता उठायची, एक रेघ बदलायची, पुन्हा ताटावर येऊन बसायची.

"काय करून राह्यली वं? भाजी गार झाली," आई म्हणायची.

"हात जमून नाई राह्यले."

"मंग पाय काढ."

शेवटी दोन्हींची खिचडी केली. हात कागदावर पेन्सिलीनं, बिचकण्यासकट. झाडं आणि आभाळ टॅबलेटवर. तंतू एकेक करून पुसले. सरांनी फोनवर युक्ती सांगितली, वेचण्याची एकच फेरी नीट काढ आणि तीच फिरवत राहा, मागची झाडंही तीच सरकत राहतील. वेळ वाचेल म्हणाले, आणि तो वाचलाही.

दुपारी मोबाईल आईसमोर धरला. तिनं पदराला हात पुसले आणि पाहू लागली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"मीच हाय न हे," ती लगेच म्हणाली. "डावा हात पाह्य, कसा अगोदर जाते."

मला उडी मारावीशी वाटली. जमलं होतं! पण ती पाहतच राहिली. बाई वेचत होती, झाडं सरकत होती, बाई परत वेचत होती. आईचा चेहरा हळूहळू उतरला.

"या वावराले धुरा नाई काय वं?"

"म्हंजे?"

"तास संपला का माणूस धुऱ्यावर टेकते. हे कवाची वाकूनच हाय. बसू दे न तिले."

झाडांची ओळ कधी न संपणारं, बांधच नसलेलं शेत काढलं होतं मी, आणि त्यात आईला सोडून दिलं होतं. ठीक आहे, म्हटलं, बसवते. एका चित्राचं तर काम. टेबलाशी गेले, पेन्सिल उचलली आणि तशीच थांबले. धुऱ्यावर बसली की आई पाय पसरते की मांडी घालते? हात कुठे ठेवते? पदर सोडते का? काहीच आठवेना. इतकी वर्षं तिच्यामागे वावरात गेले आणि बसलेली आई माझ्याकडे नव्हतीच. मी घाबरले, खरंच घाबरले.

कागद घेऊन धावत स्वयंपाकघरात गेले. "आई, बस न जराशी. वावरात बसे तशी."

"आत्ता? भांडे पडले हायेत."

"राहू दे ते."

ती भिंतीला टेकून बसली. मी कागद पाटावर सरळ केला, पेन्सिल धरली आणि वर पाहिलं, तर ती उभी होती.

"झालं न?"